अर्थिंगचं झाकण

सकाळचा चहा संपता संपता सूनबाईंनी बातमी दिली आणि करंटकाकांच्या हातातली बशी कलंडली.

"बाबा, आज अकराला वायरमन येणार आहे. अंगणातल्या दिव्यांचं काम आहेच, पण मी म्हटलं, येतोच आहे तर सगळ्या घराची तपासणी करून घेऊ. आतून, बाहेरून, पार अर्थिंगपर्यंत. लेखी रिपोर्ट द्यायला सांगितलाय."

"अर्थिंगपर्यंत?" आवाज काकांचाच होता, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटला.

"मग! मागच्या अंगणात ते सिमेंटचं झाकण आहे ना, ते उघडून मीटर लावतात म्हणे."

सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. हातात रिपोर्ट आल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. कुणी "आज बरं वाटतंय" म्हटलं तरी त्या "कशावरून?" असं विचारत. गेल्या आठवड्यात सव्वादोन वर्षांच्या चिमणीने आजीच्या अंबाड्यातला आकडा उपसला आणि थेट प्लगच्या भोकाशी नेला. आकडा वेळेवर हिसकावला गेला, पण त्याच क्षणी सूनबाईंच्या मनात तपासणी पक्की झाली.

खरं म्हणजे या घरात बाहेरचा वायरमन येणं म्हणजे आचाऱ्याच्या घरी खानावळीचा डबा येण्यासारखं होतं. काकांनी अडतीस वर्षं वायरिंगची कामं केली होती. या गल्लीतल्या बारा घरांची वायरिंग त्यांच्या हातची. म्हणून तर ते करंटकाका. काकू चिडल्या की 'करंट'ला एक काना जास्त देत आणि पुढचं 'काका' गाळून टाकत. पण आठ महिन्यांपूर्वी काका शिडीवरून पडले, मनगट मोडलं, दवाखान्यात रक्तदाबही सापडला, आणि सूनबाईंनी एका दिवसात दोन गोष्टींवर बंदी आणली: शिडी आणि मीठ. टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं सूनबाईंच्या कपाटात कुलपाआड गेलं.

तरीही आज काकांची बशी कलंडली ती काही मानापमानाने नव्हे. त्या झाकणाखाली काय आहे हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्या झाकणाखाली काहीच नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा काकांना मान वर करायला फुरसत नव्हती. लोकांची कामं आधी, घरचं मागून. भिंतीतून हिरवी तार खाली आणली, वीतभर खड्डा केला, वर चौकोनी झाकण बसवलं, ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने 'अर्थिंग' असं वळणदार अक्षरात कोरलं, आणि पाईप येत्या रविवारी ठोकू म्हणून उठले. तो रविवार काही उजाडला नाही. पहिल्या वर्षी ती आठवण टोचायची, दुसऱ्या वर्षी खुपायची, पुढे ती जुन्या दाढदुखीसारखी अंगवळणी पडली. आणून ठेवलेला पाईप काकूंनी कपड्यांच्या दोरीसाठी खांब म्हणून रोवून घेतला. तार झाकणाखाली हवेत लोंबकळत राहिली, आणि काका मात्र गावभर सांगत फिरले, "अर्थिंग म्हणजे घराची आई. दिसत नाही, पण सगळं पोटात घालते."

"मी अकराच्या आत येते," चपला घालता घालता सूनबाई म्हणाल्या. "आणि बाबा, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. खुर्चीत बसून राहायचं."

"बसतो की," काका म्हणाले, आणि फाटक वाजताच टुणकन उठले.

घड्याळात साडेआठ झाले होते. मुलगा कामासाठी बाहेरगावी होता. काकू चिमणीला आंघोळ घालायला निघाल्या होत्या, आणि चिमणीची आंघोळ हा पकडण्यापासून पुसण्यापर्यंत सव्वा तासाचा कार्यक्रम असे. काकांनी बोटांवर मोजलं. पाईप, कोळसा, मीठ. जमिनीत पाईप ठोकायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, म्हणजे ओल धरून राहते आणि यंत्राच्या अंगावर चुकून आलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता निमूट जमिनीत जाते. दुसऱ्यांच्या अंगणात त्यांनी हे डोळे मिटून केलं होतं. आज फक्त उघड्या डोळ्यांनी आणि दोन तासांत करायचं होतं.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे ते जवळजवळ पळतच गेले.

"अर्धं पोतं कोळसा द्या."

"घरीच इस्त्री करणार का, काका?"

"हो. वेळ जात नाही."

शेजारच्या दुकानात त्यांनी मीठ मागितलं आणि नेमकी पाठीमागून हाक आली. हाक कंपाउंडरची. हे गृहस्थ काकांचे भिंतीला भिंत लागून शेजारी. डॉक्टरांच्या दवाखान्यात तीस वर्षं पुड्या बांधून निवृत्त झाले होते आणि आपण डॉक्टरच आहोत, फक्त पाटी लावायची राहिली, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

"पाच किलो मीठ?" कंपाउंडरने भुवया वर केल्या. "तुम्हाला अळणी सांगितलंय ना?"

"खायला नाही."

"मग?"

काकांना पटकन सुचेना. "पाय शेकायला."

"पाच किलोत? हत्तीचे पाय शेकताय का?"

"दोन्ही पाय शेकायचे आहेत," काका म्हणाले, आणि आपली हत्यारं कुलपात आहेत हे आठवून त्यांनी आणखी एक चूक केली. "तुमचा तो मोठा हातोडा मिळेल का जरा?"

"पाय शेकायला हातोडा?"

"ते वेगळं काम आहे हो!"

कंपाउंडरने घरी येऊन हातोडा दिला, पण देताना काकांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. काका वळताच ते स्वतः पुढच्या दाराने काकूंकडे गेले.

"वहिनी, घाबरू नका," बाथरूमच्या दाराबाहेरून ते म्हणाले. माणसाला हमखास घाबरवायचं तर याहून चांगली सुरुवात नाही. "पण त्यांच्यावर लक्ष ठेवा. पाच किलो मीठ घेतलंय. हातोडाही मागून नेलाय. प्रेशर डोक्यात गेलं की माणूस असं करतो."

आत साबणाने माखलेली चिमणी निसटायच्या बेतात होती. काकूंना अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं.

मागच्या अंगणात काकांनी झाकण सरकवलं. एकतीस वर्षांनी आत उजेड गेला आणि एक पाल बाहेर आली. हिरवी तार होती तशीच लोंबत होती. काकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग ते दोरीच्या खांबाला भिडले. खांब हलवला, डुलवला, मिठी मारून वर ओढला. खांब आला, पण बरोबर दोरीही आली आणि दोरीवरच्या तीन ओल्या चादरी, दोन परकर आणि सूनबाईंचा पांढरा कोट चिखलात आडवे झाले. उचलायला वेळ नव्हता. नऊ वाजून गेले होते.

काकांनी पाईप खड्ड्यात उभा केला, स्टुलावर चढले, स्टूल म्हणजे शिडी नव्हे असं स्वतःला बजावलं, आणि हातोडा घातला. ठण्ण!

"अहो, काय ठोकताय?" बाथरूमच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"मी नाही! शेजारी!"

"शेजारी तर इथे दारात उभेत!"

"मग त्यांच्या पलीकडचे!" ठण्ण! ठण्ण!

पाईप फूटभर गेला, दोन फूट गेला. मोडलेलं मनगट कळवळू लागलं, पण काकांच्या अंगात वारं भरलं होतं. तीन फुटांवर काहीतरी टणक लागलं. दगड असेल म्हणून काकांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. खाली 'खुट्ट' झालं, पाईप बोटभर सरकला आणि खड्ड्यातून पाण्याची अशी चिळकांडी उडाली की काकांचा चष्माच वाहून गेला.

तो दगड नव्हता. गल्लीचा जुना, गंजलेला, लोखंडी नळ होता.

काका क्षणभर नुसते भिजत उभे राहिले. मग त्यांनी पाईपवर आणखी एक घाव घातला. काय करतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं, पण घाव लागू पडला. पाईप भोकात घट्ट रुतून बसला. चिळकांडीचं कारंजं झालं, कारंज्याचा बुडबुडा झाला आणि बुडबुड्याची नुसती झिरप राहिली. काकांनी पाण्याने खचून रुंद झालेल्या खड्ड्यात घाईघाईने कोळसा ओतला, पाच किलो मीठ रिकामं केलं, माती लोटली, हिरवी तार पाईपला गुंडाळून पिळली आणि मागे सरून बघितलं.

पाईप चांगला पाच फूट वर राहिला होता. झाकण बसायचं नावच नको. कापायला करवत नव्हती, उपटावं तर गल्लीभर पूर. काकांनी चिखलातली दोरी उचलली, पाईपच्या टोकाला बांधली आणि त्यावर एक चादर टाकली. तेवढ्यात चिमणीला टॉवेलात गुंडाळून काकू धावत आल्या.

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, तोंडाला कोळसा, हाताला मीठ.

"मीठ खाल्लंत?"

"नाही गं!"

"जीभ काढा बघू."

काकांनी जीभ काढली. जिभेवर पापाची काही खूण नव्हती. मग काकूंची नजर दोरीकडे गेली. दोरी आठ फूट अलीकडे आली होती आणि हनुवटीइतकी खाली.

"ही दोरी कुणी हलवली?"

"मी," काका म्हणाले. खोटं बोलायची एकदा चाल लागली की पुढचं आपोआप सुचतं. "हात उंच करून तुझे खांदे दुखतात ना, म्हणून म्हटलं खाली घ्यावी."

 काकूंनी दोरीला हात लावून पाहिला, टाचा न उचलता. त्यांचा चेहरा असा काही निवळला की काकांना अपराधी वाटून खाली बघावं लागलं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यांचा विचार केलात," त्या हळूच म्हणाल्या. "जा, अंग पुसा. चादरी मी पुन्हा मशिनला लावते."

पावणेअकराला दारात स्कूटर थांबली. सूनबाई पाठोपाठ पोचल्याच. काका कोरडे कपडे घालून खुर्चीत बसले होते, पण त्यांचा एक गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. स्कूटरवरून पस्तिशीच्या एक बाई उतरल्या. खांद्याला कातडी पिशवी, पायात जाड रबरी तळव्याचे बूट.

"वायरमन कुठाय?" काकांनी त्यांच्यामागे डोकावून विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही करंटकाका ना? आमच्या संस्थेतले सर आम्हाला या गल्लीत घेऊन आले होते. म्हणाले, वायरिंग कसं करतात ते पुस्तकात नंतर बघा, आधी इथे बघा."

सूनबाईंची मान ताठ झाली. काकांची मात्र आणखी खाली गेली.

बाई भराभर कामाला लागल्या. मेन स्विच बंद केला, तरी टेस्टर लावून पाहिला, मगच बोर्ड उघडला. "बंद केलंय आणि बंद आहे यात फरक असतो," त्या सूनबाईंना म्हणाल्या आणि सूनबाईंना त्या फारच आवडल्या. आतल्या तारा बघून बाई तोंडभरून हसल्या. "बघा, प्रत्येक तार काटकोनात. प्रत्येक जोड बोर्डाच्या आत. हल्ली कोण करतं असं?" मग पुढच्या अंगणातल्या दिव्यांची जागा ठरली. तार जमिनीतून जाड नळीतून न्यायची, वाटेत कुठेही जोड द्यायचा नाही, दिव्याच्या डब्याला रबरी पट्टी लावायची म्हणजे पाणी आणि मुंग्या आत शिरणार नाहीत, आणि बोर्डात असा एक स्विच बसवायचा की कुठे गळती झाली तर पापणी लवायच्या आत सगळं बंद पडेल.

"एरवी मीही हेच सांगितलं असतं," काका पुटपुटले.

"तुमच्याकडूनच शिकलो की आम्ही," बाई म्हणाल्या. "आता अर्थिंग."

मागच्या अंगणात पोचेपर्यंत काकांना तीनदा वाटलं की चक्कर येऊन पडावं. पण चक्कर वेळेवर येत नाही. बाई पाईपसमोर उभ्या राहिल्या. पाईपवर चादर वाळत होती.

"काका, अर्थिंगवर कपडे?"

"जागेची अडचण आहे जरा."

बाईंनी चादर बाजूला केली, ताज्या मातीकडे पाहिलं आणि पिळलेल्या तारेकडे पाहिलं. मेन स्विच बंदच होता. त्यांनी हिरवी तार सोडवली, अंगणात लांब अंतरावर दोन छोट्या सळया रोवल्या, मीटर जोडला आणि कळ दाबली. काका डोळे मिटून उभे राहिले.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या.

काकांनी एक डोळा उघडला.

"पॉइंट आठ! हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं, पाचच्या आत आलं तरी आम्ही खूश असतो. एवढं सुंदर रीडिंग मी आयुष्यात पाहिलं नाही. काका, तुम्ही जमिनीत नक्की काय पुरलंय?"

काय पुरलंय ते काकांना पुरतं ठाऊक होतं. पाईप नळात घुसला होता आणि नळ गल्लीभर पसरला होता. मीटर काकांच्या अंगणातला तीन फुटी पाईप मोजत नव्हता, सगळ्या गल्लीचं लोखंड मोजत होता. नापास व्हायला आलेल्या मुलाला पहिला नंबर मिळावा तसं झालं होतं. सूनबाई कौतुकाने हसत होत्या. बाईंनी तार पुन्हा नीट आवळली, मेन स्विच चालू करून आल्या आणि रिपोर्टचा कागद काढून पेनाचं टोपण उघडलं.

त्याच वेळी मागच्या पडवीत वॉशिंग मशीन गुरगुरू लागलं. काकूंनी चिखलाच्या चादरी लावल्या होत्या. चिमणीला ते गुरगुरणं फार आवडायचं. ती सांडलेल्या पाण्यातून थपाथप पावलं टाकत गेली आणि दोन्ही ओले तळवे मशीनला चिकटवून, त्यावर गाल टेकून उभी राहिली.

काकांना ते ओले तळवेच दिसत राहिले. आज काही होणार नव्हतं. पण उद्या झिरप कुणाच्या तरी लक्षात येईल, प्लंबर येईल, गंजका लोखंडी नळ काढून प्लास्टिकचा टाकेल, आणि पॉइंट आठ त्या जुन्या नळाबरोबर भंगारात जाईल. हिरवी तार पुन्हा हवेत. वर कागदावर लेखी 'पास'. आणि तोपर्यंत बिघडलेल्या यंत्राची वीज कुणाच्या घरच्या नळाला जाऊन हात दाखवील, याचाही भरवसा नाही.

"नापास लिहा," काका म्हणाले.

"काय?" बाईंचं पेन थांबलं.

"नापास लिहा म्हणतोय. चिमणे, तिथून बाजूला हो आधी! अगं, ते मशीन बंद कर!"

मशीन बंद झालं. चिमणीने भोकाड पसरलं. त्या रडण्यातच काकांनी सगळं सांगून टाकलं: झाकण, रविवार, पाईप, मीठ, नळ. सांगताना ते कुणाकडेही बघत नव्हते, पाईपकडे बघत होते. 

सूनबाईंचा चेहरा प्रयोगशाळेत नको तो जंतू दिसावा तसा झाला होता. पण पहिल्या बोलल्या त्या काकू.

"म्हणजे त्या मशीनला ओला हात लावला की मला ज्या मुंग्या यायच्या..."

"हो," काका म्हणाले.

"मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वयाने येतात."

"हो."

"आणि कंपाउंडर भावजी म्हणाले, जीवनसत्त्व कमी झालंय. अकरा वर्षं मी त्यांनी सांगितलेल्या गोळ्या गिळतेय! अकरा वर्षं!" काकूंनी दोरीकडे पाहिलं. "आणि ही दोरीसुद्धा माझ्या खांद्यांसाठी नाही."

 तेवढ्यात भिंतीपलीकडून कंपाउंडर अवतरले. त्यांच्या हातात काचेचा पेला होता आणि पेल्यात काळपट पाणी.

"अहो, हे काय! अकराला नळ गेला तशी आमच्या तोटीत उलटी गुरगुर झाली आणि हे आलं. मी गुळणी केली तर खारट! काळं आणि खारट! ही कसली साथ आहे म्हणायची?"

"अर्थिंगची," वायरमन बाई म्हणाल्या.

कंपाउंडरला सगळी हकीकत दुसऱ्यांदा ऐकावी लागली. ती ऐकताना त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा आणि शेवटी अत्यंत गंभीर.

"म्हणजे स्वतःच्या घरी ही गत," ते म्हणाले, "तर आमच्या घरी तुम्ही काय पुरून ठेवलंय? आमच्याही झाकणाखाली पालच आहे का?"

"तुमच्याकडे चोख आहे. आठ फूट पाईप. मी दोन दिवस राबलोय तिथे."

"कशावरून?" कंपाउंडरने विचारलं, आणि सूनबाईंनी नकळत मान डोलावली.

कंपाउंडरच्या तोंडून बाहेर पडलेली गोष्ट गल्लीत पसरायला तारेची गरज लागत नसे. अर्ध्या तासात फाटकाशी माणसं जमली. कुणी "सहज आलो होतो" म्हणालं, कुणी "चष्मा मिळाला का हो तुमचा?" असं विचारलं, पण प्रत्येकाची नजर वायरमन बाईंच्या मीटरवर होती. अडतीस वर्षांत काकांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. चोर पकडला तर लोक निदान ओरडतात. हे लोक ओरडतही नव्हते.

"चला," काका म्हणाले. "सगळी झाकणं उघडू."

नगरपालिकेच्या प्लंबरला निरोप धाडला गेला, काकांच्या घरातलं मशीन आणि गिझर बाईंनी बंद करून वर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि वरात निघाली. पुढे मीटर घेऊन बाई, मागे काका, मागे हात बांधून कंपाउंडर, त्यामागे कडेवर चिमणी घेतलेल्या काकू आणि वही-पेन घेतलेल्या सूनबाई. पहिल्या घरी झाकण उघडलं तेव्हा काका बाईंच्याही आधी खाली वाकले. आपण इथे केलं होतं ना? नक्की केलं होतं? एकदा स्वतःवरचा विश्वास उडाला की पाठ असलेला पाढाही अडखळतो.

"दोन पॉइंट एक," बाई म्हणाल्या. "पास."

दुसरं घर, पास. तिसरं, पास. पाचव्या घरापाशी लोकांची कुजबुज थांबली. सातव्या घरच्या आजींनी काकांना बसायला खुर्ची आणली, पण काका बसेनात. दहावं घर पास झालं तेव्हा काकांनी चष्म्यावाचूनच सगळ्यांकडे एकेक नजर टाकली आणि थेट कंपाउंडरच्या अंगणात शिरले.

कंपाउंडर आता जरा मागे मागे रेंगाळत होते. "जेवणाची वेळ झाली," ते म्हणाले. "आमचं उद्या बघितलं तरी चालेल."

"छे! तुम्हीच तर पहिला संशय घेतलात," सूनबाई म्हणाल्या.

बाईंनी भिंतीवरून उतरलेल्या हिरव्या तारेलाच मीटर जोडला, कळ दाबली, पुन्हा दाबली. मीटरवर आकडाच येईना. "काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तार हवेत असावी तसं."

 गल्ली पुन्हा काकांकडे बघू लागली. त्यांनी झाकण सरकवलं आणि खाली वाकले. खड्डा होता. कोळसा होता. कोळशाच्या बरोबर मधोमध एक गोल, खोल, स्वच्छ भोक होतं, मनगटाएवढं. एकेकाळी तिथे पाईप होता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

काका उभे राहिले. आपोआप त्यांची नजर अंगणात फिरली. सगळ्यांचीच फिरली. विहिरीच्या कडेला दोडक्याच्या वेलाचा मांडव होता. मांडवाचे तीन खांब बांबूचे होते आणि चौथा लोखंडी.

"मी तरी यांना सांगत होते," कंपाउंडरच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"तो... तो नुसताच पडून होता," कंपाउंडर म्हणाले.

"आठ फूट जमिनीत पुरलेला पाईप पडून होता?" काकांनी विचारलं.

"गंजून गेला असता हो आत! एवढा चांगला पाईप. काढायला मला दोन दिवस लागले."

"घालायलाही दोनच लागले होते," काका म्हणाले.

त्यांना हसू आलं नाही, की टोमणा मारावासाही वाटला नाही. उलट सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. ते कंपाउंडरच्या पायरीवर बसले आणि शेजारी हाताने जागा झाडली. कंपाउंडर मुकाट्याने येऊन टेकले. काकूंनी चिमणीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. गोळ्यांचा विषय निघणार याची चाहूल लागून कंपाउंडरने आपल्या पायाच्या बोटांवर नजर खिळवली.

"दहा पास, दोन नापास," वायरमन बाईंनी कागदावर लिहून सही केली आणि सूनबाईंच्या हातात दिला. "उद्या सकाळी खणणारी माणसं आणते. दोन्ही खड्डे एका दिवसात होतील. पण काका, जागा कुठली, ओल कुठे लागते, नळ कुठून गेलाय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही उभे राहून सांगायला हवं."

काकांचे डोळे चमकले. पण लगेच ते सूनबाईंकडे वळून कसनुसं हसले. "मला बंदी आहे."

सूनबाईंनी रिपोर्ट वरून खालपर्यंत वाचला, घडी घातली, पुन्हा उघडली.  मग काकूंनी अगदी शांतपणे सांगितलं,

"बंदी आहे ती वर चढायची. खड्ड्यात जायला आमची कुणाचीच हरकत नाही."